मैनेनं बोलत राहायचं

सोमवार, १३ एप्रिल २०१५

आज दीपमाला आणि समाधानने नोंदणी विवाहाची नोटीस दिली. आता महिनाभर ती त्या कार्यालयाच्या फळ्यावर लागणार. नावं, वयं, पत्ते, सगळं. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने येऊन वाचावं. दीपमालाचा पत्ता म्हणजे आमचा वारज्याचा फ्लॅट, म्हणजे माझाही. मी हे बोलून दाखवलं तर समाधान म्हणाला, "शर्मिला, तुझं नाव नाहीये त्यात, फक्त दार आहे." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी आल्यावर कडी, वरचा बोल्ट आणि लॅच तिन्ही लावून पुन्हा एकदा उठून बघून आले.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई मला लहानपणापासून म्हणते. कंपनीत मी टेस्टर आहे, काय काय बिघडू शकेल हे शोधायचाच मला पगार मिळतो. पण तिथे बिघडतं ते सॉफ्टवेअर.

दीपमालाचं घर अकोल्याकडचं. आई लहानपणी गेली, काकूनं वाढवलं. दिवाळीत तिने घरी समाधानचं सांगितलं तेव्हा वडिलांनी, रंगरावांनी, एकच प्रश्न विचारला, मुलाचं आडनाव. मग तिला खोलीत कोंडलं. काकू दाराबाहेर बसून होती आणि तिने कडी काढली नाही, हे दीपमाला अजून विसरलेली नाही. शेवटी नोकरी सोडते, सामान घेऊन येते, असं सांगून ती पुण्याला आली ती परत गेलीच नाही. फेब्रुवारीत तिचा चुलतभाऊ बजरंग फोनवर म्हणाला होता, "तुले तर उचलून आणूच, त्याचं काय करायचं ते मंग पाहू."

समाधान आणि मी वर्ध्याचे, एकाच विहाराच्या अंगणात खेळून मोठे झालो. अशा लग्नातल्या आमच्या मुलांचं काय होतं, ते आमच्याकडे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. साक्षीदार म्हणून माझी सही असणार आहे. सही करताना हात कापला नाही म्हणजे मिळवलं.

गुरुवार, १६ एप्रिल

ठरलं ते असं. महिनाभर समाधानने धायरीहून इकडे यायचं नाही. दीपमालाने बाहेर पडायचं नाही. तिने पाठीचं दुखणं सांगून घरून काम मागून घेतलंय. समाधानने पोलीस चौकीत अर्जही दिला. साहेब म्हणाले, काही झालं तर लगेच फोन करा. काही झालं तर, म्हणजे झाल्यावर.

संध्याकाळी दोघं भेटतात ती गेममध्ये. तो तिकडे त्याच्या लॅपटॉपवर, आम्ही दोघी इकडे टीव्हीला जोडून, कानांना हेडफोन. चौघांची टोळी घेऊन जंगलं, किल्ले, नद्या ओलांडत जायचं असा तो गेम आहे. लढाई आली की सगळं थांबतं आणि पाळीपाळीने चालतं, बुद्धिबळासारखं. पहिली पाळी कुणाला मिळते यावर अर्धा निकाल. समाधानचा चिलखतवाला आहे, त्याचं नाव रेडा. दीपमालाची तिरंदाज, ठिणगी. माझी मैना. तिला लढता फारसं येत नाही, पण ती गोड बोलते, कुलपं उघडते आणि सावलीतून चालते. चौथा म्हातारा जादूगार, भोपळा. ज्याचा हात मोकळा असेल तो त्याला चालवतो.

दीपमालाचे हात इतके लहान आहेत की कंट्रोलरच्या बटणांपर्यंत तिची बोटं धड पोचत नाहीत. तुळशीबागेतला बांगडीवाला तिला लहान मुलींच्या खोक्यातल्या बांगड्या काढून देतो आणि वर म्हणतो, "पुढच्या वर्षी मोठं माप आणा." यावरून समाधान तिला रोज चिडवतो. आज तिने हेडफोनमध्ये त्याचा आवाज ऐकला आणि एकदम डोळे पुसले. मग ठिणगीकडून त्याच्या रेड्यालाच एक बाण मारला.

मंगळवार, २१ एप्रिल

दगडी पुलावर पुन्हा मेलो. पुलावर लुटारूंची चौकी आहे आणि पलीकडे गेल्याशिवाय पुढची गोष्ट सरकत नाही. आम्ही सरळ चालत जातो, ते लांबून बघतात, पहिली पाळी त्यांची, आणि आमची पाळी यायच्या आत भोपळा आडवा.

समाधान म्हणाला, "आपण चुकीचं खेळतोय, यार. दबा धरायला पाहिजे." मग त्याने सगळं समजावलं. टोळी सोडवायची, चौघांनी चार ठिकाणी बसायचं. ठिणगी गिरणीच्या छपरावर, उंचावरून बाण लांब जातो. रेडा पळवाटेच्या तोंडाशी, झुडपाआड. पुलाच्या सुरुवातीला तेलाची पिंपं, भोपळ्याने ती पेटवायची. लुटारूंचे पहारेकरी कुठे बघतात आणि कधी वळतात ते आधी मैनेनं जाऊन बघून यायचं. आणि कुणालाही दिसायचं नाही.

आम्ही करून पाहिलं. मी छान टेहळणी केली, सगळं टिपून आणलं. पण रेडा जागेवर जाताना दिसला आणि पुन्हा मेलो.

"दबा धरणं सोपं आहे," दीपमाला म्हणाली. "दबा धरून बसलेल्याला कसं ओळखायचं, ते शिकव ना."

समाधानने पूल पुन्हा सुरुवातीपासून लावला.

शुक्रवार, २४ एप्रिल

आज आमच्या गल्लीच्या तोंडाशी, हिंजवडीच्या बसच्या स्टॉपवर एक बाई भेटल्या. पन्नाशीच्या असतील. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, हातात कापडी पिशवी. मी धावत पोचले तर म्हणाल्या, "बसले उशीर झाला वाटते आज."

किती दिवसांनी हा आवाज ऐकला. पुण्यात सगळे इतकं स्वच्छ बोलतात की माझ्या बोलण्याला मीच सारखी इस्त्री मारत असते. मी विचारलं, कुठच्या? तर अकोल्याकडच्या. मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, इथे नातेवाइकांकडे उतरलेत, रोज दवाखान्यात जावं लागतं. नाव शालन. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. आडनाव विचारलं की मी जरा थांबते. आज थांबले नाही, सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "वर्ध्याची का? पोरी लई दूर येता वो शिकाले."

बसमध्ये बसल्यावर मला उगाच बरं वाटत होतं.

मंगळवार, २८ एप्रिल

शालनमावशी रोज भेटतात. त्यांची बस कधी येते कोण जाणे, मी निघते तेव्हा त्या उभ्याच असतात. दवाखान्याच्या बसेसचे हालच आहेत.

आज त्यांनी स्टीलच्या डब्यातून ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणला. "मैत्रीण राह्यते म्हणे सोबत. दोघी खा. ती जेवते ना व्यवस्थित?" मी म्हटलं, कसली जेवते, दिवसभर घरात बसून असते, चहावर राहते. त्यांना फार वाईट वाटलं. "घरात काहून बसते पोर?" मी म्हटलं, तब्येत. नोटिशीचं काही सांगितलं नाही. एवढी मी खुळी नाही.

संध्याकाळी ठेचा वाटीत काढून दीपमालाला दिला. तिने एक घास खाल्ला आणि वाटीत पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाली, "सेम काकूच्या हातचा." मी म्हटलं, तुमच्याकडचा ठेचा सगळा सारखाच. तिला घरची आठवण येते, कबूल करत नाही एवढंच.

डबा धुऊन ठेवला. तळाला नाव कोरलंय, पण राखेने घासून घासून पुसट झालेलं. रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून मूठभर साखर घातली.

सोमवार, ४ मे

बुद्ध पौर्णिमा. सकाळी खीर केली. दीपमालाने फोटोंपुढे मेणबत्ती लावली आणि विचारलं, लग्नानंतर मला त्रिशरण पाठ यायला पाहिजे का? मी म्हटलं, समाधानलाच धड येत नाही, तू घाई करू नकोस.

डबा भरून खीर शालनमावशींना नेली. मनात धाकधूक होती. आडनाव माहीत असून बाई आमच्या घरची खीर खातील की पिशवीत ठेवून पुढच्या कोपऱ्यावर टाकतील? त्यांनी स्टॉपवर उभ्या उभ्याच झाकण काढलं आणि बोटाने खाल्ली. "वेलदोडा कमी पडला," म्हणाल्या. मला रडू यायचं बाकी होतं.

आणि मग मी बोलून गेले. मैत्रिणीचं लग्न ठरलंय, चौदा तारखेपासून पुढे कधीही. घरचे विरोधात आहेत, म्हणून बाहेर पडत नाही.  मावशींनी फक्त विचारलं, "पोरगा कसा हाय?" मी म्हटलं, बावळट आहे पण जीव लावतो. "दारू?" नाही. "हात उचलणारा?" मी हसले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि किती तरी वेळ ते दाबतच राहिल्या.

दीपमालाला हे काही सांगितलं नाही. उगाच घाबरायची.

गुरुवार, ७ मे

पूल जिंकला! आणि तो माझ्यामुळे.

माझ्या लक्षात आलं की या गेममध्ये ज्याच्याशी बोलणं चालू असतं तो जागचा हलत नाही. त्याची माणसंही त्याच्याकडे बघत उभी राहतात. म्हणजे मैनेनं उघड चालत जायचं, सरदाराशी बोलायला लागायचं, आणि तेवढ्यात बाकी तिघांनी आपापल्या जागा घ्यायच्या. ठिणगी छपरावर, पिंपं पुलावर, रेडा मागे. कुणीच बघत नसतं. मैनेनं फक्त बोलत राहायचं. एक प्रश्न संपला की दुसरा. प्रश्न संपले की लढाई.

मी टोलाची चौकशी केली, नदीची केली, सरदाराच्या आईचीसुद्धा केली. समाधान हेडफोनमध्ये कुजबुजत होता, "अजून, अजून, अजून थोडं." मग पिंपं पेटली. पहिली पाळी आमची, सरदार सोडला तर त्यांच्यातल्या कुणाला हातच उचलता आला नाही.

फक्त मैना मेली. सरदाराच्या हातभर अंतरावर तीच उभी होती, त्यामुळे पहिला वार तिच्यावर. समाधान म्हणाला, "बोलणाऱ्याचं असंच होतं, यार. तो सगळ्यात जवळ असतो." दीपमालाने भोपळ्याच्या मंत्राने तिला लगेच उठवलं.

आनंद फार टिकला नाही. दूध आणायला खाली गेले तर गेटसमोर एक पांढरी जीप, अकोल्याच्या नंबरची. आत दोघं तिघं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब ड्रायव्हरला विचारत होते, "काय हो, अकोल्याहून इथे उभं राहायलाच आलात का? तिकडे सावली मिळत नाही?" जीप पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबली. माझी पाचावर धारण बसली. दूध न घेताच वर आले. दीपमालाने खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाली, "बजरंग आहे. पुढे बसलेत ते बाबा."

ती रडली नाही. गादीवर बसून स्वतःची बोटं मोजावीत तशी एक एक दाबत राहिली. आप्पासाहेबांच्या परवानगीशिवाय सोसायटीत मांजरसुद्धा शिरत नाही. तेव्हा ते वर येणार नाहीत. ती कधी खाली उतरते याची वाट बघत बसणार.

सोमवार, ११ मे



संध्याकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होते. शालनमावशींनी सकाळी पुन्हा भाकरी दिली होती, डबा तसाच ओट्यावर. आजवर मीच तो रिकामा करून धुवायचे. आज दीपमालाने घेतला. ती दारात आली तेव्हा डबा उलटा धरलेला होता.

"हा कुठून आला?"

"स्टॉपवरच्या मावशींचा. सांगितलं होतं ना."

"तळाला काय कोरलंय वाचलंस?"

तिने अंगठा फिरवून दाखवलं. रं. धों. रंगराव धोंडिबा. "हा आमच्या घरचा डबा आहे. हा पोचा मी पाडलाय, चौथीत. यात काकू मला शाळेत भाकरी द्यायची. तिचं नाव काय सांगितलं तुला?"

"शालन."

ती खाली बसली.

मी सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. तू बाहेर पडत नाहीस हे मी सांगितलं. चौदा तारीख सांगितली. सकाळीच जायचं हेही गेल्या आठवड्यात सांगून बसले. किती गोड बोलून बाईंनी माझ्याकडून काढून घेतलं. मी स्वतःला मोठी टेहळणी करणारी समजत होते आणि रोज सकाळी स्टॉपवर सरदारासारखी तोंड उघडून उभी होते, त्यांची जीप जागा घेईपर्यंत.

दीपमाला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "काय काय विचारायची?"

"तू जेवतेस का."

"आणखी?"

"झोप लागते का. पोरगा हात उचलणारा आहे का."

तिने डबा पुन्हा उलटा केला. मग म्हणाली, "ती बाबांच्या शब्दाबाहेर नाही. दार उघडलं नाही तिने तेव्हा." मी म्हटलं, पण बघ, घरचाच डबा नावासकट घेऊन फिरते. हेरगिरीला आलेल्या बाईने एवढी मोठी चूक करावी? ही चूक झाली नसती तर आपण गेलोच होतो.

मंगळवार, १२ मे

समाधानला फोन केला. त्याने एकही विनोद केला नाही. म्हणाला, "शर्मिला, मला भीती वाटतेय. माझ्या जिवाची नाही. म्हणजे त्याचीही वाटतेच." लहानपणापासून त्याला ओळखते, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मग तिघांनी मिळून आखलं, पुलासारखंच.

उद्या मी स्टॉपवर सांगायचं, लग्न सोमवारी, समाधानचे आईवडील वर्ध्याहून येणार म्हणून पुढे ढकललं. प्रत्यक्षात ठरल्याप्रमाणे गुरुवारीच. दीपमाला माझ्या स्कूटीवरून जाणार. ट्रकच्या भीतीने मी ती हिंजवडीला कधी नेलीच नाही, तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पुण्यातल्या मुली उन्हात तोंड, डोकं, मान, सगळं ओढणीने बांधतात, वर गॉगल, हातमोजे. तशी मुलगी समोरून गेली तर सख्खा बाप ओळखणार नाही. जीपसमोरून तसंच जायचं.

जीपवाल्यांना गुंतवायचं काम आप्पासाहेबांचं. त्यांना कल्पना द्यायची नाही. फक्त सकाळी सांगायचं, ती जीप उद्यापासून तुमच्या गाडीच्या जागेवर लावणार आहेत म्हणे.

पण गल्लीतून निघालेली स्कूटी स्टॉपवरूनच पुढे जाते. दुसरा रस्ता नाही. आणि तिथे शालनबाई उभ्या, हातात फोन. घरातल्या पोरीला वाढवलेली बाई. ओढणीतूनसुद्धा ओळखली तर? म्हणून त्यांना बोलण्यात गुंतवून, रस्त्याकडे पाठ करून उभं करायचं. हे मैनेचं काम. म्हणजे सहीला मी नसणार. माझ्याऐवजी समाधानच्या ऑफिसातला सौरभ सही करेल.

जेवण गेलं नाही. बसल्या बसल्या बोलायचे विषय आठवून ठेवते आहे. सात आठच सुचले.

गुरुवार, १४ मे

सगळं लिहून ठेवते.

काल सोमवारची थाप मारली होती. मावशींनी, शालनबाईंनी, मान हलवली होती. आज मी स्टॉपवर गेले तेव्हा त्या नेहमीच्या जागी. मी डबा परत दिला, साखर घालून. बोलायला सुरुवात केली. मालकांचे डोळे कसे आहेत, बरे आहेत. ऊन फार, फार. आमच्या ऑफिसातल्या एसीने सर्दी होते. माझी बस आली, मी सोडली. "गर्दी आहे," म्हटलं. होती अर्धी रिकामी.

मला त्यांची पाठ रस्त्याकडे करायची होती, पण त्या हलेनात. खांबाला टेकून, तोंड गल्लीकडे. मी या बाजूला झाले, त्या बाजूला झाले, काही उपयोग नाही. आणि माझे विषय संपले. खरंच संपले, डोक्यात एक शब्द येईना. गल्लीतून आप्पासाहेबांचा चढलेला आवाज ऐकू येत होता. लढाई सुरू होणार असं वाटलं.

तेव्हा शालनबाईच बोलायला लागल्या. "ठेचा कसा करते सांगू तुले? तुम्ही पोरी मिक्सरात करता, तो नाही." आणि सुरू झाल्या. मिरच्या कोणत्या, तव्यावर किती भाजायच्या, लसूण सालीसकट का, दगडावर का वाटायचा. मी हं हं करत राहिले. माझं नशीब, बाईला बोलायची हौस.

स्कूटी आली. दीपमाला डावा पाय खाली लोंबता ठेवूनच चालवते, किती वेळा सांगितलं, आजही तसाच. शालनबाईंची नजर वर गेली. स्कूटी आमच्या समोरून, ओढणीचं टोक फडफडत, अगदी हाताच्या अंतरावरून गेली. त्या बघत राहिल्या, ती वळून दिसेनाशी होईपर्यंत. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "धूळ लई हाय इथं." आणि पुन्हा ठेच्यावर आल्या, मीठ शेवटी घालायचं.

त्यांचा फोन वाजला. पिशवीत हात घालून त्यांनी तो पाहिला आणि तसाच ठेवला. पुन्हा वाजला. "कंपनीवाल्याईचे फोन येतात," म्हणाल्या. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी तो बंदच केला.

मी आणखी दोन बस सोडल्या. मग माझा फोन एकदा वाजून थांबला. समाधानचा मिस्ड कॉल. सह्या झाल्या. मी त्यांच्याच दंडाला धरलं. शालनबाई म्हणाल्या, "या बसनं जा आता."

त्यांना काहीच कळलं नाही. एवढी साधी बाई, आणि तिला आपण इतकं भ्यालो.

शनिवार, १६ मे

दोन दिवस धायरीला होते. समाधानची आई एकटीच रात्रभर प्रवास करून आली, थकलेली होती पण दीपमालाला पाहून नाचली. आज घरी आले तर वॉचमनने एक डबा हातात दिला. "गुरुवारी संध्याकाळी एक बाई देऊन गेल्या. वर येत नाही म्हणाल्या."

तोच डबा.

जिन्यातच बसले. उघडायला धीर होईना, हलवून पाहिला तर खुळखुळला. शेवटी झाकण काढलं. तांदूळ, हळकुंडं, सुपारी, खारका, घडी केलेला हिरवा खण, आणि हिरव्या बांगड्या. बांगडी माझ्या पंजात अर्ध्यावरच अडकली. लहान मुलीचं माप. म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे, हे सांगायलाच पाठवलंय. आम्ही तुला ओळखतो, तुझं घर ओळखतो, हाताच्या मापासकट. दुसरं काय समजायचं?

आप्पासाहेब खाली भेटले. जीप गेली म्हणे, गुरुवारीच. "निघताना त्या म्हाताऱ्याने बाईला मागे बसवलं आणि दार असं आपटलं, मला वाटलं दारच हातात येतं. ती बाई पदराने तोंड झाकून, एक शब्द नाही. ही काय गाडीत बसवायची पद्धत? सभ्य लोकांची वस्ती आहे." मी म्हटलं, बरं झालं, आपसातच जुंपली.

कड्या तिन्ही लावल्या आहेत. दीपमालाला उद्या सांगेन.

रविवार, १७ मे

डबा घेऊन धायरीला गेले. म्हटलं, घाबरू नकोस, पण धमकी आली आहे. दीपमालाने आतलं काही पाहिलंच नाही. आधी डबा उलटा केला.

रं. धों. च्या खाली नवं कोरलेलं होतं. भांड्याच्या दुकानात उभ्या उभ्या घालून देतात तसं, चकचकीत, अजून कडा हाताला लागतात. सौ. दीपमाला समाधान यांस, काकूकडून.

दीपमालाने एक एक करून बांगड्या भरल्या. एकही अडकली नाही. मग ती जमिनीवर बसून अशी रडली की समाधानची आई स्वयंपाकघरातून धावत आली. "घरचा डबा ती चुकून नाही आणणार," एवढंच तिने मला मधे म्हटलं. "तिला वाटलं असेल मी पहिल्याच दिवशी बघेन."

तो डबा रोज मीच धुवत होते.

परतताना बसमध्ये सगळं उलगडत गेलं. खीर, ठेचा, बंद केलेला फोन. मला वाटत होतं मी तिला गुंतवून ठेवलंय. पण माझे प्रश्न तर संपले होते. त्यानंतर बोलत राहिली ती. आणि सगळ्यात जवळही तीच उभी होती.

मंगळवार, १९ मे

काल आणि आज स्टॉपवर थांबले. आली नाही. येणार कशी? तिचा नंबर माझ्याकडे नाही. दीपमालाने घरच्या फोनवर करून पाहिला, बजरंगने उचलला, तिने ठेवून दिला. पुन्हा करायची माझी छाती नाही आणि करू नको म्हणायचीही नाही.

समाधान म्हणाला, पुढच्या किल्ल्याला कधी बसायचं? मी म्हटलं, इतक्यात नको.

डबा माझ्याकडेच आहे. दीपमाला म्हणाली, तू धू, तुलाच सवय आहे. धुतला, पुसला, खिरीपुरते वेलदोडे आणि साखर भरून ठेवली, या वेळी वेलदोडा जास्त. रिकामा परत द्यायचा नसतो. भरलेला कुठे नेऊन देऊ ते मला कुणी सांगत नाही.